आधी पात्रं, मग जग: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या कँपेनची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले पाच मित्र पहिल्यांदाच डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ, खेळणार आहेत आणि त्यांच्यातला विचारणारा डीएम, म्हणजे जग आणि त्यातली बाकीची माणसं सांभाळणारा, होणार आहे. त्याने जगाचा नकाशा काढलाय, पाच राज्यांचा पाचशे वर्षांचा इतिहास लिहून काढलाय. बाकी चौघांनी आपापल्या घरी बसून कॅरेक्टर्स, म्हणजे आपली पात्रं, पाठवलीत: भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला, कोणावरही विश्वास नसलेला रोग (इंग्रजी rogue, चोरवाटांनी चालणारा), जंगलात एकटाच राहणारा, माणसांशी न बोलणारा रेंजर, कुठल्याशा अज्ञात शक्तीशी करार केलेला वॉरलॉक, आणि ‘मिसळसेन’ नावाचा बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारा. यातून पहिलं साहस कसं उभं करायचं, आणि ते सह्याद्रीत घडवलं तर नियमांशी जुळेल का?

सह्याद्रीचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: जुळेल. उरलेलं जरा लांबण लावणारं आहे.

नकाशा आणि इतिहास तूर्त बाजूला ठेवा. ते वाईट असतील म्हणून नव्हे. कँपेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, आणि तिच्या पहिल्या तीन-चार सेशनमध्ये, म्हणजे बैठकांत, खेळाडूंना त्यातलं काहीच दिसणार नाही म्हणून. त्यांना दिसेल एक गाव, एक घाट, दोन-तीन माणसं आणि एक अडचण. तुमच्याकडे आत्ता साहसाचं खरं सामान आहे ते त्या चार कॅरेक्टर शीट्समध्ये, म्हणजे पात्राची माहिती आणि आकडे लिहिलेल्या कागदांत, आणि नेमकं तेच एकमेकांशी न बोलता तयार झालंय. चौघांपैकी दोघांना सोबतच नकोय. असे लोक पहिल्याच तिठ्यावर चार वाटांनी निघून जातील, आणि तुम्ही त्यांच्या मागे कारणं शोधत धावत राहाल.

या खेळाचा सांगाडाच टोळीचा आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो छापला तेव्हा तो खेळण्यातल्या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांमधून बाहेर पडत होता. अख्खी फौज हलवण्याऐवजी प्रत्येकाने एकच माणूस सांभाळायचा, ही त्यातली नवी गोष्ट. एकच माणूस हातात असल्यामुळे बाकीच्यांशिवाय तो अपुरा, हे तेव्हापासून नियमांमध्ये मुरलेलं आहे. रोगचा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जास्तीचा वार, बहुतेक वेळा लागू होतो तो शत्रूच्या अंगाशी आपला कोणीतरी भिडलेला असतो म्हणून. ‘माझं कॅरेक्टर एकटंच फिरतं’ म्हणणारा खेळाडू स्वतःच्याच शीटवरची अर्धी ताकद टाकून देत असतो. हे त्याला असंच सांगा; उपदेशापेक्षा आकडे लवकर पटतात.

तेव्हा पहिलं काम: चौघांना एकत्र बोलवा आणि फासे न टाकता एक संध्याकाळ फक्त बोला. खेळणारे याला सेशन झिरो म्हणतात. कॅरेक्टर्स मोडायची नाहीत, शिवायची आहेत. प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. या आठवड्यात तुझ्या कॅरेक्टरला काय हवंय? ‘जगातला अन्याय संपवणं’ नको. ‘उधारी फेडणं’, ‘त्या माणसाचं नाव कळणं’ असं काहीतरी. दुसरं, तुला महत्त्वाचा वाटणारा, अजून जिवंत असलेला माणूस कोण? नवे खेळाडू हमखास अनाथ होऊन येतात, कारण मेलेल्या आईबापांना डीएम ओलीस धरू शकत नाही! पण ज्याचं जगात कोणीच नाही त्याला गोष्टीत ओढायला दोरी उरत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा: या टेबलावरच्या आणखी कोणाशी तुझं काय देणंघेणं आहे? प्रत्येकाने डावीकडच्याशी एक दुवा जोडायचा. मैत्रीच हवी असं नाही. कर्ज चालेल, एकत्र केलेली चोरी चालेल, ‘याने मला एकदा दरीतून वर काढलं’ हेही चालेल.

रोगवाल्याने सूडाची तीन पानं लिहिली असणार. त्यातलं अर्धं पान ठेवा. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरच्या माणसाकडे दहाएक हिट पॉइंट असतात; वार लागले की ते कमी होतात, संपले की तो पडतो. त्याने आधीच अर्ध्या राज्याला पाणी पाजलं असेल तर पहिल्या गॉब्लिनने, म्हणजे किरकोळ छोट्या राक्षसाने, त्याला आडवं पाडल्यावर ते सगळं हास्यास्पद होतं. बॅकस्टोरीत मोकळ्या जागा हव्यात. खुनी कोण हे खेळाडूने ठरवून ठेवू नये, भाऊ मेला तेव्हा त्याच्या खिशात काय सापडलं एवढंच सांगावं. उरलेलं तुमच्याकडे राहू द्या.

मिसळसेनबद्दल एक वाक्य. पहिल्या सेशनला सगळे हसतील, पाचव्याला कोणीतरी मरत असताना ते नाव उच्चारणं जड जाईल. ‘हे तुझं फडावरचं नाव, खरं नाव काय?’ असं विचारा, बार्डचा मान राहतो आणि मार्गही निघतो.

आता आकडे. सहा क्षमतांसाठी (ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे) प्रत्येकी सहा बाजूंचे चार फासे टाकून सर्वात लहान सोडायची पद्धत मजेदार आहे, सरासरीही १२च्या थोडी वर येते, पण नवख्या टेबलावर मी ती सुचवत नाही. एकाला १८, १६, १५ पडतात, दुसऱ्याला १३, १२, ११, आणि एका संध्याकाळच्या नशिबाचा हा फरक पुढे वर्षभर पुरतो. ठरीव संच घ्या: १५, १४, १३, १२, १०, ८. मुख्य क्षमतेला १५ द्या, त्यावर नियमांनी मिळणारी वाढ चढवा, की ती १६-१७ला पोचते, म्हणजे मॉडिफायर, फाशात मिळवायचा आकडा, +३. पहिल्या लेव्हलचा प्रॉफिशियन्सी बोनस, म्हणजे शिकलेल्या कामासाठीची जास्तीची भर, +२. मिळून +५. मध्यम अवघड कामाचा डीसी, म्हणजे फासा आणि भर मिळून गाठायचा आकडा, १५ असतो, तेव्हा वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. आपल्या हातखंडा कामातसुद्धा कॅरेक्टर जवळजवळ निम्म्या वेळा चुकणार आहे, हे डीएमच्या डोक्यात पक्कं असलं पाहिजे. साहस आखताना याचा उपयोग पुढे येईल.

कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे शरीराच्या काटकपणाला, १४ द्यायला लावा, कोणी कितीही कुरकुर केली तरी. आणि ८ कुठे टाकायचा ते प्रत्येकाला विचार करून ठरवू द्या. शीटवरचा तो सर्वात बोलका आकडा असतो. फक्त एक: बुद्धी ८ म्हणजे मॉडिफायर –१, म्हणजे साध्या माणसापेक्षा पाच टक्के कमी. एवढ्यासाठी कोणी बावळटाचं सोंग घेऊन प्रत्येक प्रसंग बिघडवायला लागला तर त्याला हे गणित दाखवा. ‘लिहिता-वाचता येत नाही, पण येत असल्याचं भासवतो’ हे त्याच ८चं कितीतरी चांगलं रूप आहे.

तुमच्या टोळीत क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा पुजारी, नाही, याची काळजी करू नका. बार्डने हीलिंग वर्ड ही जादू घेतली की काम भागतं. साठ फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतली मुख्य कृती शिल्लक ठेवून, पडलेल्या साथीदाराला उभं करता येतं. वॉरलॉकला पहिल्या लेव्हलला एकच स्पेल स्लॉट असतो, म्हणजे मोठी जादू एकदाच करता येते, पण तो तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतो. हे त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ती एक जादू शेवटपर्यंत जपून ठेवतो आणि रात्रभर कंटाळतो. नियमांची आवृत्ती एकच ठरवा, २०१४ची किंवा २०२४ची; दोन्ही पाचव्या आवृत्तीचीच रूपं. दोन्हींची सरमिसळ नवख्यांनी करू नये. पुस्तकं महाग वाटत असतील तर आधी घेऊही नका. पाचव्या आवृत्तीचा गाभा असलेला नियमसंच २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहे आणि पहिल्या काही महिन्यांना तो पुरतो.

आता साहसाकडे. माझं म्हणणं असं की कथानक लिहू नका, परिस्थिती मांडा. ‘आधी ते गावात जातील, मग म्हातारा त्यांना सांगेल, मग ते गुहेत जातील’ हे कथानक झालं. खेळाडू म्हाताऱ्याशी बोललेच नाहीत की ते संपलं. परिस्थिती म्हणजे काही माणसं, प्रत्येकाला हवं असलेलं काहीतरी, आणि कोणीच मध्ये पडलं नाही तर काय काय होत जाईल याचा क्रम. खेळाडू कुठूनही शिरले तरी ती टिकते.

सह्याद्रीतच घडवायचंय, तर उदाहरणही तिथलंच घेऊ. जुन्नरजवळचा नाणेघाट पाहिला असेल. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून घाटावर येणारा व्यापार याच वाटेने चढायचा. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं मानतात. लेण्यात ब्राह्मीतला मोठा लेख आहे, नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा, यज्ञांची आणि दानांची यादी देणारा. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. नावं कोरलेली आहेत, सिमुक, सातकर्णी, नागनिका; मूर्ती मात्र गेल्या, भिंतीशी पायांचे अवशेष तेवढे उरलेत.

इतिहासकार म्हणतील मूर्ती फुटल्या. डीएमने म्हणावं, त्या उतरून चालत गेल्या.

एवढ्यावर साहस उभं राहतं. खेळात घाटाचं, राजांचं नाव बदला, म्हणजे कोणी ‘इतिहासात असं नव्हतं’ म्हणून सेशन थांबवणार नाही. मांडणी अशी: जुन्या करारानुसार घाटाची जकात रांजणात पडते, आणि त्या बदल्यात दगडी राजे घाट राखतात. सध्याचा जकातदार सोमदेव खरी नाणी काढून घेतो आणि शिशाची खोटी टाकतो. दगडाला हे कळलंय. पहिली मूर्ती भिंतीवरून उतरली आहे.

आता तुमची चार कॅरेक्टर्स यात बसवून बघा. रोगच्या मेलेल्या भावाच्या खिशात काय सापडलं होतं? शिशाचं नाणं. त्याला खोटेपणा कळला होता, म्हणून तो गेला. रेंजर माणसांशी बोलत नाही, पण घाटाखालच्या देवराईत त्याचा मुक्काम असतो आणि रात्री कोणीतरी मणभर वजनाच्या पावलांनी तिथली झाडं तुडवून गेलंय. शिवाय सेशन झिरोमध्ये ठरल्याप्रमाणे रोगने त्याला एकदा दरीतून काढलंय, म्हणून तो त्याला टाळू शकत नाही. वॉरलॉकने करार कोणाशी केला हे खेळाडूलाच माहीत नाही, ही तर तुम्हाला मिळालेली देणगीच. लेण्याच्या भिंतीवर एक जागा अशी ठेवा जिथे पावलं आहेत, पण वर नाव कोरलेलं नाही. बाकी काही सांगू नका. तो स्वतःच त्या जागेसमोर जाऊन उभा राहील. आणि मिसळसेनला तांड्यासमोर गाण्याची बिदागी मिळालीय, सगळी खोट्या नाण्यांत. सूड, देवराई, करार आणि बुडालेले पैसे, चौघांची बोटं एकाच माणसाकडे वळतात. हे मी आधी नकाशा काढून मग कॅरेक्टर्स कोंबून जमवू शकलो नसतो.

कोणीच काही केलं नाही तर काय होईल, ते चार ओळींत लिहून ठेवा:

पहिली रात्र: एक मूर्ती खाली उतरते, तांड्यातला एक बैल मारते, पहाटे परत जाते.
दुसरी रात्र: दोन मूर्ती. जकातदार रांजण फोडून पळायची तयारी करतो.
तिसरी रात्र: घाट बंद. चढणाऱ्या कोणालाही मूर्ती सोडत नाहीत, खरं नाणं असलं तरी.
चौथा दिवस: खालच्या बंदरातले व्यापारी भाडोत्री हत्यारबंद माणसं पाठवतात, आणि ती गावाला सोडत नाहीत.

खेळाडू जे करतील त्याने हा क्रम पुढे-मागे होईल, मोडेलही. मोडू द्या. तो त्यांना दिशा दाखवण्यासाठी नाही, तुम्हाला ‘आता बाकीचं जग काय करतंय’ याचं उत्तर तयार मिळावं म्हणून आहे.

तपासाचा भाग आखताना मघाचे टक्के आठवा. ‘नाणी सोमदेव बदलतो’ हे कळण्याची एकच वाट ठेवली, तीही डीसी १५च्या पर्सेप्शनमागे, म्हणजे बारकाईने पाहण्याच्या फाशामागे, आणि बघणाऱ्याचा मॉडिफायर +२ असला, तर यशाची शक्यता ४० टक्के. म्हणजे दहापैकी सहा टेबलांवर साहस तिथेच अडून बसणार. तीन स्वतंत्र खुणा ठेवल्या तर निदान एक सापडण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर जाते. तरी पाचातला एक गट कोरडाच राहतो. म्हणून तीनपैकी एक खूण अशी असू द्या की तिला फासाच लागत नाही. तिथे गेलं की दिसते. इथे: रांजणातली नाणी खापरावर घासली की काळी रेघ उमटते, गावाबाहेरच्या कुंभाराची भट्टी अवेळी रात्री पेटते आणि तिथे शिशाचे थेंब सांडलेत, आणि मारलेल्या बैलाच्या तोंडात मूर्तीने खोटं नाणं कोंबून ठेवलंय. शेवटचं कोणालाही दिसतं, शिवाय घाबरवतं. ज्या माहितीवाचून गोष्ट पुढे सरकत नाही ती फाशाच्या भरवशावर ठेवायची नाही. फासा टाकायचाच असेल तर किती लवकर कळलं, कोणाला सुगावा लागला, त्याची काय किंमत पडली, हे ठरवायला टाका.

लढाया. नव्या डीएमचे सर्वात जास्त घोळ इथे होतात, कारण कागदावरचा शत्रू आणि टेबलावरचा शत्रू वेगळे असतात. २०१४च्या नियमांत चार गॉब्लिन म्हणजे ५० एक्सपीचे (शत्रूला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) चार, २००; पण तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी हा आकडा थेट ‘डेडली’च्या, म्हणजे जीवघेण्या गटाच्या, रेषेवर बसतो. २०२४च्या नियमांत तो गुणाकारच काढून टाकला, त्यामुळे तीच लढाई सर्वात हलक्या गटात येते! दोन्ही उत्तरं एकाच वेळी कशी बरोबर असतील, असं वाटेल. गॉब्लिनचा हल्ला +४चा, तुमच्या माणसांचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा, १४ धरला तर निम्म्याहून थोडे जास्त वार लागतात, प्रत्येकी साधारण ५. चारही गॉब्लिन मिळून एका राउंडला, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, अकरा-बारा हिट पॉइंट. हे चार जणांत वाटलं गेलं तर ओरखडे. चारही गॉब्लिन रोगवर तुटून पडले तर तो पहिल्याच राउंडला जमिनीवर. लढाई किती जीवघेणी, हे बरंचसं तुम्ही कोणावर निशाणा धरता त्यावर ठरतं. पहिल्या सेशनला वार वाटून द्या.

‘एकच मोठा शत्रू सोपा जाईल’ हाही भ्रम. ओगर, म्हणजे दांडगा राक्षस, घ्या. २०१४प्रमाणे त्याच्या दांड्याचा सरासरी फटका १३. दहा हिट पॉइंटचा कोणीही एका फटक्यात आडवा. क्रिटिकल, म्हणजे वर्मी बसलेला वार, लागला तर सरासरी २२, आणि पूर्ण तब्येतीत असलेल्या दहा पॉइंटवाल्याला एका फटक्यात २० किंवा जास्त बसले की नियमाप्रमाणे तो जागीच मरतो, वाचवायला फासा टाकायची संधीही नाही. पहिल्या लेव्हलला ओगर आणू नका. दुसऱ्या-तिसऱ्याला आणा, तेव्हा तो खरोखर मजा देतो.

चालत्या मूर्तीसाठी ‘अ‍ॅनिमेटेड आर्मर’चा (आपोआप चालणाऱ्या चिलखताचा) स्टॅट ब्लॉक, म्हणजे नियमांतला आकड्यांचा तक्ता, उचला. आर्मर क्लास १८, हिट पॉइंट ३३, २०० एक्सपी. २०१४च्या मापाने चौघांना मध्यम लढाई. +५वाल्याला १३ किंवा जास्त लागतात, म्हणजे ४० टक्के. दर फटक्याला सातआठ धरले तर चौघं मिळून राउंडला १२च्या आसपास, आणि मूर्ती तीनेक राउंड टिकते. पुरेशी भीती, पुरेसा वेळ. विषाचा तिच्यावर परिणाम होत नाही, हे दगडाला शोभतंही. सह्याद्रीत नियम बसवायचे म्हणजे एवढंच: आकडे तसेच ठेवायचे, रूप, आवाज, वास बदलायचा. मूर्ती चालते तेव्हा पायाशी दगडाचा चुरा पडतो, हे तुम्ही सांगितलंत की कोणाला चिलखत आठवत नाही. जकातदाराच्या माणसांसाठी ‘बँडिट’ पुरे: ११ हिट पॉइंट, २५ एक्सपी. आणि त्यांना मरेपर्यंत लढवू नका. पगारी माणूस दोन साथीदार पडल्यावर पळतो. शत्रू पळू शकतात हे दिसलं की आपल्यालाही पळता येतं, हे खेळाडूंच्या ध्यानात येतं. नाहीतर ते कधीच पळत नाहीत.

आपल्या मातीतलं जग म्हटलं की काही गोष्टी युरोपी किल्ल्यांत येत नाहीत त्या येतात. कुठल्याही खऱ्या जाती-जमातीला दरोडेखोर किंवा राक्षस करू नका, नाव बदलूनही नाही. इंग्रजांनी ज्यांना ‘गुन्हेगार’ ठरवून कायदे केले त्यांचे वंशज तुमच्याच टेबलावर असू शकतात. ज्या देवाची घरात पूजा होते त्याला शेवटचा शत्रू करायच्या आधी टेबलाला विचारा. तुमच्या जगात जात आहे की नाही, असली तर खेळात ती किती दिसणार, हे सेशन झिरोमध्येच ठरवा. लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा कोणाला नको असेल तर ते आधी कळलेलं बरं. दहा मिनिटांचं काम आहे.

याच मातीने तुम्हाला दिलेली एक सोय मात्र भरपूर वापरा: तू, तुम्ही, आपण. कॅरेक्टर कोण आहे हे सांगायला तुम्हाला आवाज बदलायची गरज नाही. सोमदेव पहिल्या भेटीत तांड्याच्या मालकिणीला ‘आपण बसावं’ म्हणतो, रोगला ‘अरे, पोरा’ म्हणतो. खोटं नाणं त्याच्यापुढे ठेवलं की तो मिसळसेनला अचानक ‘अहो शाहीर’ म्हणायला लागतो. काहीही न सांगता टेबलाला कळतं की माणूस घाबरलाय. आणि दगडी राणी बोललीच, तर तिला सगळ्यांना ‘तू’ म्हणू द्या. नियमांची भाषा, हिट पॉइंट, सेव्ह (संकटातून वाचायचा फासा), इनिशिएटिव्ह (लढाईतला पाळीचा क्रम ठरवणारा फासा), आहे तशी राहू द्या. त्याचं मराठीकरण करायला गेलात तर प्रत्येक फाशाला दोन मिनिटं जातील.

तयारी एका पानात मावली पाहिजे. तीन माणसं: नाव, काय हवंय, बोलण्याची लकब. तीन जागा: घाटमाथा, देवराई, कुंभाराची भट्टी. वरचा चार ओळींचा क्रम. खुणा. दोन स्टॅट ब्लॉक. आणि कोपऱ्यात दहा-बारा मोकळी नावं, बायकांची, पुरुषांची, एका खानावळीचं. खेळाडू तुम्ही न ठरवलेल्या गाडीवानाशी बोलायला जाणारच, आणि त्याचं नाव सांगताना तुम्ही अडखळलात की तो बिनकामाचा आहे हे त्यांना लगेच कळतं.

तीन तासांच्या सेशनमध्ये नवख्यांची एक लढाई पाऊण तास ते तासभर खाते. तेव्हा दोनच लढाया धरा, मध्ये एक मोठं बोलणं आणि एक शोध. सुरुवात धर्मशाळेत ओळखपाळख करून नको. रात्र आहे, चौघं तांड्याबरोबर घाट चढताहेत, रांजणाशी नाणं टाकायची पाळी रोगची आहे, आणि लेण्यातून दगड सरकल्याचा आवाज येतो. इनिशिएटिव्ह टाका. कोण कुठून आलं हे लढाई संपल्यावर, मेलेल्या बैलापाशी बसून बोलतील.

सेशन संपला की सगळ्यांना दुसऱ्या लेव्हलवर न्या, एक्सपी मोजत बसू नका. पहिली लेव्हल फार ठिसूळ आहे आणि तिच्यात रेंगाळण्यात काही शहाणपण नाही.

तरी कोणी पडलंच, तर घाबरू नका. शून्यावर गेलेला माणूस दर राउंडला एक फासा टाकतो. १० किंवा वर आला तर यश, खाली आला तर अपयश, तीन होतील तिकडे निकाल. कोणीही मदत केली नाही तरी वाचायची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास असते, आणि तुमच्याकडे साठ फुटांवरून हाक मारणारा बार्ड आहे. फासे गुपचूप फिरवून त्याला वाचवू नका. एकदा ते लक्षात आलं की पुढची एकही लढाई कोणी मनापासून लढत नाही. त्याऐवजी तांड्यातल्या गाडीवानाचं किंवा कुंभाराच्या मुलीचं अर्धं शीट आधीच भरून ठेवा, ठरीव संच आणि क्लास (रोग, बार्ड असा पेशा) एवढंच. ज्याचं कॅरेक्टर गेलं त्याच्यापुढे ते ठेवा, नाव त्यालाच लिहू द्या, आणि पुढच्या राउंडला त्याची पाळी धरा.